मुलं माझ्याकडे, घर त्याच्याकडे, पोटगी शून्य: सही करू का?

पत्र थोडक्यात: चिंचवडच्या एक वाचक ताई लिहितात, वय ३६, लग्नाला ११ वर्षं झाली. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षं ८ महिन्यांचा. मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली होती, तीन वर्षांपूर्वी परत धरली, पगार ३२ हजार. नवऱ्याच्या हातात १ लाख १० हजार येतात. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, ३८ हजारांचा हप्ता त्याच्या खात्यातून जातो आणि ताईंच्या पगारातून किराणा, शाळेची फी, गॅस, पाळणाघर. डाउन पेमेंटला ताईंच्या वडिलांनी ४ लाख दिले होते, होमलोनच्या कागदांवर ताईंचीही सही आहे. १४ महिने दोघं एकाच घरात पण वेगळ्या खोल्यांत राहतात. आता नवऱ्याने म्युच्युअलचा, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट घ्यायचा, मसुदा तयार करून आणलाय. त्यात मुलं ताईंकडे, घर त्याच्याकडे, आणि ताईंनी स्वतःची आणि मुलांची पोटगी कायमची सोडायची असं लिहिलंय. शनिवारपर्यंत सही कर, नाहीतर मुलगा पाच वर्षांचा झाला की कोर्ट तो मलाच देईल असं तो म्हणतो. म्हापशाची मैत्रीण म्हणते अर्धं घर तुझं आहे, सोडू नकोस. आई म्हणते पोरं मिळतायत ना, कर सही आणि मोकळी हो. ताई विचारतात, कुणाचं खरं मानू?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले, ते तुम्ही कंसात लिहिलंय, (एकदोनदा ढकललं होतं पण तेवढं काही नाही). त्याबद्दल पुढे बोलणारच आहे. आधी शनिवारचं बोलू. शनिवारी सही करू नका. भांडायला उभ्या राहा असं मी म्हणत नाही, म्युच्युअल नको असंही म्हणत नाही, उलट दोघांची तयारी असेल तर म्युच्युअलसारखा कमी त्रासाचा रस्ता नाही. पण हा जो मसुदा आहे तो काही चुकीच्या समजुतींवर उभा आहे, काही त्याच्या, काही तुमच्या, एखादी तुमच्या आईची पण.

मी वकील नाही, फॅमिली कोर्टात समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम केलं. तिथे जोडपी यायची ती घर, पैसा आणि मुलं या तिन्हीचं एकच गाठोडं बांधून यायची. तू पोरं घे मी घर घेतो, तू पोटगी सोड मी मुलांना सोडतो. तुमचा मसुदा पण तसाच आहे. कोर्ट मात्र हे गाठोडं सोडून तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या बघतं. घराच्या बाबतीत बघतं की कागद कुणाच्या नावावर आणि पैसा कुणी घातला, पोटगीच्या बाबतीत बघतं की गरज कुणाला आणि ऐपत कुणाची, आणि मुलांच्या बाबतीत फक्त मुलांचं भलं कशात आहे ते बघतं, तिथे आईचा हक्क मोठा की बापाचा असा हिशोबच नाही. त्यामुळे "मुलं देतो म्हणून पोटगी सोड" हे वाक्य कायद्यात बसतच नाही हो, कारण मुलांची पोटगी ही मुलांची आहे, तुमची नाही. आईने कागदावर लिहून दिलं म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही, उद्या मुलांच्या वतीने ती मागता येतेच. तुमची स्वतःची पोटगी मात्र एकदा "फुल अँड फायनल" म्हणून सोडलीत की परत मागायला फार झगडावं लागतं. म्हणून त्या एका ओळीवर सही करताना दहा वेळा विचार करा.

आता तुमच्या मैत्रिणीचं. ती खोटं बोलत नाहीये, ती म्हापशाची आहे इतकंच. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमधून आलेली पद्धत आजही चालू आहे, लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते आणि वेगळं होताना निम्मी निम्मी वाटणी होते, हिंदू असो, ख्रिश्चन असो की मुसलमान. आपल्याकडे, गोव्याची हद्द ओलांडून सिंधुदुर्गात आलं की, हा नियम नाही. महाराष्ट्रात घटस्फोट झाला म्हणून नवऱ्याचं अर्धं घर आपोआप बायकोचं होत नाही. बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा द्यावा असं विधेयक २०१० मध्ये आलं होतं, २०१३ मध्ये राज्यसभेने मंजूरही केलं, पण त्याचा कायदा झाला नाही. अकरा वर्षं घर चालवणाऱ्या बाईच्या हातात शेवटी वाण्याची बिलं राहतात आणि हप्ते भरणाऱ्याच्या हातात फ्लॅट राहतो, हा मला आजही अन्याय वाटतो आणि तो मी माझ्या नोकरीत इतक्या वेळा पाहिलाय की सांगायला नको.

पण अर्धं आपोआप मिळत नाही याचा अर्थ काहीच मिळत नाही असाही नाही. तुमच्या वडिलांचे ४ लाख कसे दिले गेले ते शोधा. चेकने, एनईएफटीने की रोख? थेट बिल्डरला की जावयाच्या खात्यात? बँकेकडून त्या वर्षाचं स्टेटमेंट काढून घ्या, जुनं असलं तरी अर्ज केल्यावर बऱ्याचदा मिळतं. नवरा-बायकोमधला मालमत्तेचा वादही फॅमिली कोर्टच ऐकू शकतं, त्यासाठी वेगळ्या दिवाणी कोर्टात जावं लागत नाही. आणि घरावर मालकी सिद्ध नाही झाली तरी पोटगीची रक्कम ठरवताना त्याच्याकडे किती मालमत्ता आहे, तुम्ही घरात काय घातलं, हे कोर्टापुढे मांडता येतं. तुमच्या पत्रात किराणा-फीच्या वहीचा उल्लेख आहे ना, लाल पुठ्ठ्याची, २०२१ पासूनची, ती टाकू नका. शाळेच्या फीच्या पावत्या तिच्यातच ठेवा.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलंच नाहीये ती सांगते कारण मला तीच जास्त घाबरवते. तुम्ही लिहिलंय "लोनच्या कागदांवर माझीही सही आहे". फ्लॅटच्या अॅग्रीमेंटवर तुमचं नाव नाही आणि कर्जात तुम्ही आहात, म्हणजे तुम्ही सहकर्जदार आहात पण सहमालक नाही. या मसुद्याप्रमाणे घर त्याचं होईल आणि कर्ज दोघांचं राहील. "हप्ते मीच भरणार असं लिहिलंय की मसुद्यात" असं तो म्हणेल, आणि म्हणताना खरंच तसं वाटतही असेल त्याला, पण बँक त्या मसुद्याला बांधील नाही. बँकेचा करार तुमच्या दोघांशी आहे. उद्या त्याची नोकरी गेली, त्याने दुसरं लग्न केलं, हप्ते थकले, तर नोटीस तुमच्याही नावाने येणार, सिबिल तुमचाही खराब होणार, आणि तुम्ही स्वतःसाठी छोटंसं घर घ्यायला जाल तेव्हा बँक म्हणणार की तुमच्या नावावर आधीच एवढं कर्ज आहे. माझ्याकडे आलेल्या एका बाईला घटस्फोटानंतर चार वर्षांनी बँकेचा फोन आला होता, त्या शाळेत शिकवायच्या, मधल्या सुट्टीत फोन घेतला आणि तिथेच पायरीवर बसल्या. त्यांच्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी ठरवून कोर्टात दिलेल्या अटींमध्ये, सगळं होतं, दिवाळीत मुलगा कुणाकडे जाणार ते पण होतं, फक्त कर्जातून नाव काढायची ओळ नव्हती.

म्हणून घराबाबत तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत आणि तिन्हीत कर्जाचा मुद्दा आधी सोडवायचा. पहिला, घर त्याने ठेवायचं, तुम्हाला वडिलांचे पैसे आणि काही रक्कम द्यायची, आणि शेवटच्या तारखेच्या आधी बँकेकडून तुमचं नाव कर्जातून काढल्याचं पत्र आणायचं. त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसतं का ते बँक परत तपासेल, वेळ लागेल, लागू दे. दुसरा, फ्लॅट विकायचा, कर्ज फेडायचं, उरलेलं ठरवून वाटून घ्यायचं. हे ऐकायला कठोर वाटतं पण बऱ्याचदा हाच सगळ्यात स्वच्छ मार्ग असतो. तिसरा, मुलं तुमच्याकडे राहणार आहेत तर घर तुमच्या किंवा मुलांच्या नावावर करायचं आणि त्या बदल्यात पोटगी कमी घ्यायची. पण ३२ हजारात ३८ हजारांचा हप्ता भरता येत नाही हे उघड आहे, त्यामुळे हा रस्ता फक्त तो हप्ते भरत राहणार असेल तरच, आणि तसं तो करेल का हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. मला विचाराल तर तुमच्या बाबतीत पहिला किंवा दुसरा. घरात जीव अडकतो हे मला समजतं, बाल्कनीतली कुंडी पण आपण आणलेली असते. तरी पण.

दागिन्यांचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय की "ते सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहेत, मिळतील तेव्हा मिळतील". मिळतील तेव्हा नाही ताई. माहेरून आणि सासरहून तुम्हाला मिळालेलं सगळं स्त्रीधन आहे आणि ते फक्त तुमचं आहे. नवऱ्याकडे, सासूकडे ते नुसतं ठेवायला दिलेलं असतं, सुप्रीम कोर्टाने हे १९८५ मध्येच सांगून ठेवलंय. यादी करा, लग्नाच्या अल्बममधले फोटो काढा ज्यात दागिने दिसतायत, सोनाराच्या पावत्या असतील तर त्या. मसुद्यात स्त्रीधन परत मिळाल्याची ओळ दागिने प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय लिहू देऊ नका. आणि लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तू, फ्रिज, कपाट वगैरे, त्याचाही निर्णय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली कोर्ट देऊ शकतं, पण त्यावर फार ताकद घालवू नका, मिक्सरवरून सहा-सहा तारखा गेलेल्या मी पाहिल्यात.

आता ते कंसातलं वाक्य. "तेवढं काही नाही" असं तुम्ही लिहिलंत, आणि मला माहितीये बायका असं कधी लिहितात. ढकलणं ही हिंसाच आहे. पैसे अडवणं, घराबाहेर काढायची धमकी देणं, मुलं काढून घेईन म्हणणं, हे पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बसू शकतं. मी तुम्हाला केस करा म्हणत नाहीये, तो निर्णय तुमचा. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, घर त्याच्या नावावर आहे म्हणून तो तुम्हाला बाहेर काढू शकत नाही, त्या घरात राहण्याचा हक्क हा कायदा तुम्हाला देतो, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी हा हक्क लागू होऊ शकतो. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही, यात गल्लत नको. म्युच्युअल झालं की हा आधार बहुतेक वेळा सुटतो, म्हणून सहीच्या आधीच राहायचं कुठे ते ठरलेलं हवं. दुसरं, परत हात उचलला तर मुलांना घेऊन बाहेर पडा, घराचा हक्क वगैरे नंतर बघू, १८१ हा महिलांचा हेल्पलाइन नंबर आहे, आणि संरक्षण अधिकारी असतात ते तक्रार नोंदवून घेतात. मनात असं असेल की "घर सोडलं तर केस कमजोर होईल", तर मार खात घरात थांबायचं हे कुठलंही कोर्ट मागत नाही.

पोटगीबद्दल तुमची समजूत अशी दिसते की "मी कमावते म्हणून मला मिळणारच नाही". तसं नाहीये. बायको कमावते म्हणून तिचा हक्क आपोआप जात नाही, तिच्या कमाईत तिला आधीच्या राहणीमानाने जगता येतं का ते बघतात. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के ही रक्कम योग्य म्हटली होती, लोक तोच आकडा धरून बसतात, १ लाख १० हजारांचे २७,५०० असा हिशोब तुम्हीही कदाचित केला असेल. पण तो पक्का नियम नाही. वय, शिक्षण, नोकरीत पडलेला खंड, मुलांचा खर्च, त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील, सगळं बघून रक्कम ठरते, आणि तुम्हाला ३२ हजार पगार आहे हेही त्यात धरलं जाणार. तुम्ही सहा वर्षं नोकरी सोडली होती ती मुलीसाठी, हा मुद्दा वकिलाला आवर्जून सांगा. उलट बाजूने, नवऱ्याची श्रीमंती वाढली म्हणून त्याच्या बरोबरीचं मागता येतं असंही नाही, डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय की पोटगी ही दोघांची संपत्ती सारखी करण्यासाठी नसते.

३८ हजारांचा हप्ता जातो, माझ्या हातात उरतंच काय असं तो म्हणेल. तो हप्ता ज्या घराचा आहे ते घर जर तोच ठेवणार असेल तर ती त्याची बचत आहे, हे कोर्टही अनेकदा लक्षात घेतं. आणि नोव्हेंबर २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही आपली कमाई, खाती, गुंतवणूक, कर्ज, खर्च सगळं अॅफिडेव्हिटवर द्यावं लागतं, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरली जाते. ते प्रकरण आपल्या नागपूर खंडपीठातूनच वर गेलं होतं. दोघांनाही म्हणजे तुम्हालाही, तेव्हा माहेरच्या नावावरची एफडी लपवू वगैरे सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, उलटतपासणीत एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या दहा खऱ्या गोष्टींवरचा विश्वास जातो.

एकरकमी घ्यायची की महिन्याला? एकरकमी घेतली की पाठपुरावा संपतो, आणि ती साधारणपणे उत्पन्न धरली जात नाही, महिन्याची पोटगी मात्र तुमच्या उत्पन्नात धरली जाते, सीएला एकदा विचारून घ्या. पण मुलांचा खर्च वाढत जाणारा असतो, आज पाळणाघर आहे, उद्या क्लास, परवा कॉलेज. म्हणून स्वतःसाठी एकरकमी आणि मुलांसाठी महिन्याला, दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढणारी, अशी वाटणी मला बरी वाटते. शाळेची फी आणि दवाखान्याचा मोठा खर्च वेगळा लिहून घ्या, कोण किती टक्के देणार ते. तुम्ही कमावताय म्हणजे थोडा वाटा तुमचाही असणार, ते मान्य करूनच बोला.

आणि आता मुलं.

"मुलगा पाच वर्षांचा झाला की कोर्ट मला देईल" हे सपशेल चुकीचं आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात एवढंच लिहिलंय की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा. पाच पूर्ण झाले की ताबा बापाकडे जातो असं कुठेही लिहिलेलं नाही. त्याच कायद्यात पुढे लिहिलंय की सगळ्यात वर मुलाचं हित. तुमच्या मुलाचा पाचवा वाढदिवस चार महिन्यांवर आहे आणि तुम्ही तो एखाद्या डेडलाइनसारखा मोजताय असं पत्रातून जाणवलं, तसं करू नका, त्याला केक आणि फुगे द्या. कोर्ट बघणार की आजवर त्यांचं रोजचं कोण करतं, शाळा कुठे, आजारी पडल्यावर सुट्टी कोण घेतं, भावंडं एकत्र राहतील का. शक्यतो बहीणभावाला वेगळं करत नाहीत. आई नोकरीला जाते, मुलं पाळणाघरात असतात, एवढ्याने ताबा जात नाही. आणि पगार जास्त म्हणून तो मिळतही नाही.

पण तुमचीही एक समजूत मला हलवायचीय. तुम्ही लिहिलंय "मुलीला विचारलं तर ती माझंच नाव घेईल, जजसमोर सांगेल ती". नऊ वर्षांच्या मुलीशी जज चेंबरमध्ये बोलू शकतात, तिचं म्हणणं ऐकतात, पण तेवढ्यावर निर्णय होत नाही, आणि पढवून आणलेलं मूल ओळखू येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिला तिथवर नेऊच नका. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "बाबा तिला रात्री विचारतो कुणाकडे राहणार, म्हणून मीही विचारलं".

कोर्टात मुलांना भेटायची खोली असते, खेळणी असतात, भिंतीवर चित्रं. तिथे एक मुलगी यायची, तुमच्या मुलीएवढीच असेल, बाबांना भेटायला शनिवारी एक तास. बाबाने रंगपेटी आणलेली, वडापाव आणलेला. ती खुर्चीवर बसायची पण दप्तर पाठीवरून काढायची नाही, पूर्ण तास, पट्टे दोन्ही हातांनी धरून. तिसऱ्या की चौथ्या भेटीनंतर मी तिला बाहेर हळूच विचारलं, अगं दप्तर जड नाही का होत. ती म्हणाली, "काढलं तर आईला वाटेल मला इथे आवडलं." तिच्या आईने तिला असं काही एकदाही सांगितलं नव्हतं, ती बाहेर बाकावर बसलेली असायची, चांगली बाई होती. मुलं न सांगता ऐकतात.

तेव्हा तो प्रश्न आजच बंद करा, दोघांनीही. त्याला म्हणा की तुझं माझं जे काय असेल ते असेल, तिला हे विचारायचं नाही. तो तुमच्याशी नवरा म्हणून कसा वागला हा एक मुद्दा आणि तो मुलांशी बाप म्हणून कसा आहे हा वेगळा. मुलाला सायकल तोच शिकवतोय असं तुम्हीच लिहिलंय. ताबा तुमच्याकडे आला तरी मुलांना त्यांचा बाप भेटत राहिला पाहिजे, आणि जो पालक हे होऊ देतो त्याच्याकडे कोर्टही चांगल्या नजरेने बघतं. २०२० च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने भेटीबरोबर फोन-व्हिडिओ कॉलवरच्या संपर्काचाही हक्क मानलाय. भेटीत मुलांना धोका असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा कुणाच्या तरी देखरेखीखाली भेटी ठरवता येतात, तसं काही असेल तर मला किंवा वकिलाला मोकळेपणाने सांगा, कंसात नको.

मसुदा नव्याने लिहायचा तर ताबा आणि भेटीचं जेवढं बारीक लिहाल तेवढं कमी भांडण. "वेळोवेळी भेटू देईल" असली गोलमाल ओळ नको. कुठले शनिवार-रविवार, आणायला कोण सोडायला कोण, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, गणपतीत कुठे, दिवाळीतला पाडवा कुठे आणि भाऊबीज कुठे, वाढदिवस, शाळेचा पेरेंट्स मीटिंगचा दिवस, पासपोर्टवर सही, शहर बदलायचं झालं तर किती आधी कळवायचं. आणि ताब्याचा निर्णय दगडावरची रेघ नसतो, परिस्थिती बदलली तर कोर्टाकडे परत जाता येतं, ही गोष्ट तुम्हालाही लागू आहे आणि त्यालाही. सासरची गावाकडची जमीन वडिलोपार्जित आहे असं लिहिलंय तुम्ही, त्यात तुमचा हिस्सा निघणार नाही, पण दोन्ही मुलांचा जन्माने आलेला हक्क घटस्फोटाने जात नाही, मुलीचा पण मुलाएवढाच. मसुद्यात चुकूनही मुलांच्या वतीने तो सोडल्याची ओळ येऊ देऊ नका.

वेळेचं थोडं. म्युच्युअलसाठी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, एकाच छताखाली पण नवरा-बायको म्हणून राहत नसाल तरी ते चालू शकतं, म्हणजे तुमचे १४ महिने धरता येतील. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं, पोटगी, ताबा सगळं खरंच मिटलेलं असेल तर सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्याच दुसऱ्या एका निकालानंतर कोर्ट ते माफ करू शकतं. आणि शेवटचा हुकूम होईपर्यंत तुम्ही संमती मागे घेऊ शकता. तेव्हा "शनिवार" ही तारीख फक्त त्याची आहे, कायद्यात असा कुठला शनिवार नाही. म्युच्युअल नाहीच जमलं आणि त्याने किंवा तुम्ही वेगळी केस टाकली तर वर्षं जातात, हे खरं आहे, तुमची आई जे म्हणते त्यामागे हीच भीती आहे आणि ती खोटी नाही. पण त्या काळात अंतरिम पोटगी मागता येते, हातात काहीच नाही असं होत नाही. माझ्या मते आधी एका चांगल्या वकिलाकडून मसुदा दुरुस्त करून त्याच्यापुढे ठेवा, कोर्टातल्या समुपदेशकाकडे दोघं बसा, दोन-तीन महिने द्या. नाहीच हलला तर मग केस.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्न किती आहे हे न बघता, फोन करायचा तर १५१०० वर करा. जाताना लग्नाचा दाखला, मुलांचे जन्माचे दाखले, फ्लॅटच्या अॅग्रीमेंटची झेरॉक्स, लोनचं सँक्शन लेटर, तुमच्या पगाराच्या स्लिपा, त्याच्या पगाराचा काही कागद हाताशी असेल तर तो, आणि ती लाल वही.

शनिवारी त्याने कागद पुढे केले तर प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि एवढंच म्हणा, "वकिलांना दाखवून सांगते." तो चिडला तर वाद वाढवू नका, शक्य असेल तर त्या दिवशी बहिणीला घरी बोलवून ठेवा. आणि रात्री मुलीने विचारलंच की आई आपण कुठे राहणार, तर तिला खरं ते सांगा, "अजून ठरलं नाहीये, ते ठरवायचं काम माझं आणि बाबाचं आहे, तुझं नाही. तुला आणि तुझ्या भावाला दोघंही भेटणार." बाकी काही सांगायची आत्ता गरज नाही. वकिलांना भेटून आलात की काय म्हणाले ते मला लिहा, कर्जाबद्दल काय म्हणाले ते तर नक्कीच.